पोर्तुगीज क्रीडा संस्थांच्या नियमावलीतील सभासदत्वाच्या पदव्या इंग्रजीत कशा आणाव्यात?

तिसवाडीकर (प्रश्न)

नमस्कार. लिस्बनच्या परिसरातील एका जुन्या क्रीडा संस्थेची नियमावली पोर्तुगीजमधून इंग्रजीत आणण्याचे काम सध्या माझ्या हाती आहे. इंग्लंडमधील एका नौकानयन संस्थेशी तिचा परस्पर सवलतींचा करार व्हायचा आहे. आपल्या बोटी, धक्का आणि विश्रामगृह पोर्तुगीज संस्थेच्या नेमक्या कोणत्या सभासदांना खुले करायचे, हे तिथली समिती या इंग्रजी मजकुराच्या आधारेच ठरवणार आहे. त्यामुळे वर्गांची नावे वाचताच कोणाला काय हक्क आहेत याची अटकळ बरोबर बांधता यावी, अशी माझी इच्छा आहे.

मूळ मजकुरात सभासदाला सर्वत्र 'सोसिओ' म्हटले आहे आणि पुढे विशेषण लावून वर्ग पाडले आहेत. 'एफेतिवो' हा १८ वर्षे पूर्ण झालेला, पूर्ण वर्गणी भरणारा, सर्वसाधारण सभेत मत देणारा आणि निवडणुकीला उभा राहू शकणारा सभासद आहे. 'आउसिलियार' या वर्गात अल्पवयीन मुले आणि फक्त सुविधा वापरणारे प्रौढ येतात. त्यांना सभेत बसता येते, पण मत नाही. 'कोरेस्पोंदेंते' म्हणजे त्या जिल्ह्याबाहेर राहणारा, निम्मी वर्गणी देणारा. याखेरीज 'फुंदादोर', 'द मेरितो', 'बेनेमेरितो' आणि 'ओनोरारियो' अशा चार मानाच्या पदव्या आहेत.

शब्दकोशात पाहिले, तर 'एफेतिवो'साठी इफेक्टिव्ह, ॲक्चुअल, परमनंट असे पर्याय मिळतात आणि त्यांतला एकही इथे बसत नाही. 'मेरितो' आणि 'बेनेमेरितो' यांतला फरक इंग्रजीत कसा दाखवावा, हा दुसरा प्रश्न. तिसरा प्रश्न असा की, या पदव्या भाषांतरित न करता मूळ रूपातच ठेवाव्यात का? यानंतर रिओ द जानेरोमधील एका संस्थेचे कागदही याच कामाच्या निमित्ताने येणार आहेत, म्हणून ब्राझीलमधील प्रथा ठाऊक असणाऱ्यांनीही कृपया लिहावे.

करारमसुदा (उत्तर)

माझा व्यवसाय कायदेविषयक अनुवादाचा आहे. नियमावलीत हक्क आणि कर्तव्ये सांगणारे कलम सहसा वर्गांच्या कलमानंतर येते, पण अनुवादकाने ते आधी वाचावे. मत कोणाला, उमेदवारी कोणाला, वर्गणी किती आणि पद देते कोण, या चार गोष्टी प्रत्येक वर्गापुढे लिहून काढल्या की इंग्रजी नाव बहुतेक वेळा आपोआप सुचते. आपण प्रश्नात हे काम बरेचसे केलेलेच आहे.

'एफेतिवो'साठी मी 'फुल मेंबर' सुचवीन. ज्या नियमावलीत मत नसलेले इतर वर्ग आहेत तिथे 'फुल' हा शब्द सर्व हक्क असलेला सभासद नेमका दाखवतो. ब्रिटिश संस्थांच्या नियमांत याच जागी 'ऑर्डिनरी मेंबर' पुष्कळदा सापडतो आणि तो चुकीचा नाही. परंतु आपल्याकडच्या वाचकाला त्यात 'साधारण सभासद' दिसतो आणि साधारण म्हणजे सर्वांत खालचा, असा समज होण्याचा धोका राहतो. 'इफेक्टिव्ह मेंबर' मात्र कधीही लिहू नये. तसे लिहिलेले अनुवाद बरेच आढळतात आणि इंग्रजी वाचकाला त्यातून काहीही कळत नाही. 'ॲक्टिव्ह मेंबर' हाही पर्याय मला मान्य नाही. महाराष्ट्रात २०१३ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यात 'क्रियाशील सभासद' ही स्वतंत्र व्याख्या आली. सभांना हजेरी आणि संस्थेच्या सेवांचा किमान वापर यांवर ती बेतलेली होती. पोर्तुगीज 'एफेतिवो' वर्षभर संस्थेच्या आवारात फिरकला नाही, तरी वर्गणी भरलेली असेल तोवर त्याचे मत शाबूत असते.

एक सूचना विशेष लक्ष देऊन वाचावी. हाच 'एफेतिवो' शब्द नियमावलीत पुढे कार्यकारिणी आणि लेखापरीक्षण समिती यांच्या रचनेत पुन्हा येण्याची दाट शक्यता आहे, आणि तिथे त्याचा अर्थ निराळा असतो. 'तीन एफेतिवो आणि दोन सुप्लेंते' असे वाक्य असेल, तर तिथे एफेतिवो म्हणजे प्रत्यक्ष पदावर असलेले आणि सुप्लेंते म्हणजे त्यांच्यापैकी कोणाची जागा रिकामी झाल्यास ती घेणारे राखीव सदस्य. तिथे 'फुल मेंबर' लिहिले तर उरलेले दोघे मताधिकार नसलेले सभासद आहेत, असा भलताच अर्थ निघेल. तिथे 'रेग्युलर मेंबर' आणि 'ऑल्टरनेट' ही जोडी वापरावी. संगणकावर एकदम शोधून बदलण्याची सोय अशा ठिकाणी घात करते.

'सोसिओ' या मूळ शब्दाबद्दलही थोडे सांगतो. पोर्तुगालच्या १९६६ च्या नागरी संहितेत संस्थांच्या प्रकरणात सभासदाला 'असोसियादो' म्हटले आहे. 'सोसिओ' हा शब्द तिथे भागीदारीच्या प्रकरणात येतो. व्यापारी कंपन्यांच्या कायद्यातही सोसिओ म्हणजे भागधारक किंवा भागीदारच. क्रीडा संस्थांनी मात्र बोलीतला 'सोसिओ' कधी सोडला नाही. 'क्वोता' या शब्दाचीही तीच गोष्ट आहे: मर्यादित कंपनीत क्वोता म्हणजे भागभांडवलातील हिस्सा, आणि क्रीडा संस्थेत क्वोता म्हणजे निव्वळ वर्गणी. कंपन्यांचे कागद अनुवादित करण्याची सवय असलेला माणूस 'क्वोता थकलेला सोसिओ' याचे भाषांतर 'हिस्स्याची रक्कम न भरलेला भागीदार' असे करून बसतो आणि वाचणाऱ्या समितीला ही संस्था नफ्यासाठी चालते की काय, अशी शंका येते. इथे 'सब्स्क्रिप्शन' हाच शब्द हवा. प्रवेशाच्या वेळी एकदाच द्यायच्या रकमेला 'जॉया' म्हणतात. शब्दाचा अर्थ दागिना असला, तरी इथे ती 'एंट्रन्स फी' आहे. आणि 'हक्कांचा पूर्ण उपभोग घेत असलेला सोसिओ' असे लांबलचक वर्णन जिथे येईल तिथे इंग्रजीत 'मेंबर इन गुड स्टँडिंग' ही रुळलेली संज्ञा आहे.

लिस्बोआनिवासी (उत्तर)

मी अनेक वर्षे लिस्बनमध्ये राहतो आहे आणि इथल्या एका मोठ्या संस्थेचा वर्गणीदार सभासद आहे. वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त इंग्रजी वाचकाच्या डोक्यात 'मेंबर' या शब्दाने काय उभे राहते, याकडे लक्ष वेधू इच्छितो. इंग्लंडमध्ये मोठ्या फुटबॉल संस्थेची 'मेंबरशिप' म्हणजे बहुतेक ठिकाणी तिकीट आधी मिळण्याची सवलत असते. पोर्तुगालमध्ये सोसिओ हा संस्थेच्या कारभाराचा मूळ घटक आहे. हंगामभराचे तिकीट ही त्याहून वेगळी, स्वतंत्र पैसे देऊन घ्यायची वस्तू आहे. बेन्फिका आणि स्पोर्टिंग या लिस्बनमधील दोन मोठ्या फुटबॉल संस्था; बेन्फिकात तिला 'रेड पास' आणि स्पोर्टिंगमध्ये 'गेमबॉक्स' म्हणतात. सोसिओ असूनही सामन्याला कधीच न जाणारी माणसे इथे घरोघरी आहेत. मूल जन्मले की आजोबा पहिल्या आठवड्यातच त्याचे नाव सभासद म्हणून नोंदवतात, कारण क्रमांक ज्येष्ठतेने मिळतो आणि कमी क्रमांकाचा मान मोठा असतो. मृत आणि गळालेल्या सभासदांची नावे वगळून ठरावीक काळाने सर्वांना नवे क्रमांक दिले जातात, तेव्हा आपला क्रमांक किती वर आला, याची चर्चा कॅफेत अत्यंत गांभीर्याने होते.

या पदामागे किती ताकद आहे, ते स्पोर्टिंगच्या उदाहरणावरून दिसते. २३ जून २०१८ रोजी भरलेल्या सर्वसाधारण सभेत सभासदांनी त्या वेळचे अध्यक्ष ब्रुनो द कार्वाल्यो यांना मतदानाने पदावरून दूर केले आणि पुढच्या वर्षी त्यांच्या सभासदत्वातून झालेल्या हकालपट्टीवरही सभेनेच शिक्कामोर्तब केले. ही सत्ता तिकीटधारकाची नव्हे. २००६ साली बेन्फिकाची नोंद १,६०,३९८ वर्गणीदार सभासदांची संस्था म्हणून गिनेसच्या विक्रमांत झाली होती, तीही अशाच सभासदांची होती.

मतांच्या बाबतीत एक बारकावा आपल्या कागदात आहे का, ते जरूर पाहावे. बेन्फिका आणि स्पोर्टिंग या दोन्ही संस्थांत सर्व मतदार सभासदांची मते सारखी नसतात. सभासदत्वाची वर्षे वाढतात तशी एका सभासदाची मतसंख्या वाढते. लहान संस्थांनीही काही ठिकाणी हीच पद्धत घेतली आहे. तसे असेल, तर 'सिनियर मेंबर' हा शब्द कटाक्षाने टाळावा, कारण इंग्रजी क्रीडा संस्थांत तो वयोगट दाखवतो आणि इथली ज्येष्ठता वयाची नसून अखंड सभासदत्वाची असते. वीस वर्षांचा तरुण सोसिओ चाळिशीत दाखल झालेल्या सोसिओपेक्षा ज्येष्ठ असू शकतो. २५ वर्षांनी चांदीचे आणि ५० वर्षांनी सोन्याचे मानचिन्ह देण्याची प्रथा बऱ्याच संस्थांत आहे. ते मानचिन्ह हा काही सभासदांचा वर्ग नाही, म्हणून त्याचे भाषांतर वर्गांच्या यादीत येऊ देऊ नये. बेन्फिकाचा 'आगिया द ओरो' म्हणजे सुवर्णगरुड आणि पोर्तो या फुटबॉल संस्थेचा 'द्रागाँव द ओरो' म्हणजे सुवर्णड्रॅगन हेही सन्मान किंवा पुरस्कार आहेत, सभासदत्वाचे प्रकार नव्हेत.

मूळ रूपात ठेवण्याविषयी माझे मत असे आहे. बार्सिलोना किंवा रेआल माद्रिदबद्दल लिहिताना इंग्रजी वृत्तपत्रे 'सोसिओ' तसाच ठेवतात आणि फुटबॉलच्या वाचकाला तो समजतो. बातमीत ते चालते. करारासाठीच्या कागदात चालणार नाही, कारण तिथला वाचक फुटबॉलप्रेमी असेलच असे नाही, आणि एका ओळीत सात अनोळखी शब्द आले की तो ते ओलांडून पुढे जातो.

'कोरेस्पोंदेंते'चे भाषांतर 'करस्पाँडिंग मेंबर' असे करू नये, हे मात्र आग्रहाने सांगतो. इंग्रजीत तो शब्द विद्वत्सभांचा आहे. दूर राहून शोधनिबंध पाठवणारा विद्वान त्यातून डोळ्यांपुढे येतो.

तिसवाडीकर

दोघांचेही मनापासून आभार. लेखापरीक्षण समितीच्या कलमात खरोखरच 'एफेतिवो' आणि 'सुप्लेंते' ही जोडी आहे. ती आता वेगळी ठेवतो. मतसंख्या माझ्या कागदात सर्वांना सारखीच, म्हणजे प्रत्येकी एक आहे.

'कोरेस्पोंदेंते'साठी आपल्याकडच्या जुन्या क्लबांच्या इंग्रजीत 'आउटस्टेशन मेंबर' आणि 'मोफसिल मेंबर' असे शब्द आहेत, इंग्लंडात 'कंट्री मेंबर' आहे. यांपैकी काय घ्यावे?

मानाच्या पदव्यांच्या कलमाचा आशय असा आहे: संस्थेला किंवा खेळाला असाधारण सेवा देणाऱ्या सभासदाला 'द मेरितो', देणगीने अथवा मोठ्या त्यागाने संस्थेचे भले करणाऱ्याला 'बेनेमेरितो', मग तो सभासद असो वा नसो, आणि संस्थेबाहेरच्या प्रतिष्ठित व्यक्तीला किंवा संस्थेला 'ओनोरारियो'. पहिल्या दोन पदव्या सर्वसाधारण सभा देते. पदवी मिळालेला 'एफेतिवो' आपले मत गमावत नाही, पण त्याची वर्गणी माफ होते.

जुनेदप्तर (उत्तर)

मी गोव्यातील पोर्तुगीज काळच्या संस्थांची कागदपत्रे वाचतो, म्हणून मानाच्या पदव्यांपुरते लिहितो.

आपल्या वाचनालयांच्या भिंतींवर देणगीदारांचे फलक असतात आणि त्यांवर आश्रयदाते, हितचिंतक, आजीव सभासद अशी उतरंड असते. तिथे रक्कम भरली की पद मिळते. ठरलेला आकडा आणि ठरलेले नाव. पोर्तुगीज 'बेनेमेरितो' हे पद बहुधा विकत घेता येत नाही. देणगी दिल्यानंतर कार्यकारिणी प्रस्ताव मांडते, सभा ठराव करते आणि मग ते बहाल होते. म्हणून त्याला इंग्रजीत 'पेट्रन' म्हणणे मला पटत नाही. ब्रिटिश संस्थांत पेट्रन हे बहुधा राजघराण्यातील किंवा तशाच मोठ्या व्यक्तीला दिलेले शोभेचे पद असते, आणि आपल्याकडे ते सर्वाधिक रक्कम भरणाऱ्याचे. 'बेनिफॅक्टर मेंबर' हे नाव अधिक प्रामाणिक आहे, कारण कृती दानाची आहे हे त्यात स्पष्ट होते. आपल्या कलमात सभासद नसलेल्यालाही हे पद मिळते, हे लक्षात घेता 'मेंबर' शब्द गाळून नुसते 'बेनिफॅक्टर' लिहिण्याचा मोह होईल. पण मूळ नियमावलीने त्याला सोसिओंच्या यादीत बसवले आहे, ते आपण बदलू नये.

'द मेरितो'साठी 'मेंबर ऑफ मेरिट'. 'मेरिट मेंबर' असे उलटे लिहिले की गुणवत्ता यादीत आलेल्या मुलासारखा भास होतो. 'डिस्टिंग्विश्ड मेंबर' ऐकायला सुरेख आहे, पण तो प्रतिष्ठेचा शब्द आहे आणि इथे प्रश्न केलेल्या सेवेचा आहे. 'ओनोरारियो' म्हणजे 'ऑनररी मेंबर', यात अडचण नाही. तरीही व्याख्या जोडलेली बरी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीतच 'ऑनररी मेंबर' आणि 'ऑनर मेंबर' असे दोन निराळे वर्ग आहेत: पहिला दीर्घकाळ काम करून निवृत्त झालेल्या सदस्यांचा, दुसरा समितीबाहेर राहून विशेष सेवा केलेल्यांचा. इंग्रजीतच एवढ्याशा फरकाने माणूस बदलतो, तेव्हा भाषांतरात जपून राहणे भाग आहे.

'फुंदादोर' म्हणजे 'फाउंडर मेंबर'. बहुतेक जुन्या संस्थांत या वर्गातले कोणी हयात नसते आणि कलम तेवढे राहून जाते. ते गाळू नये.

या निमित्ताने जुने कागद हाताळणाऱ्यांसाठी एक गोष्ट नोंदवतो. १९११ च्या लेखनसुधारणेपूर्वीच्या मजकुरात 'एफेतिवो' हा शब्द दोन एफ घालून लिहिलेला असतो, त्यानंतरच्या मजकुरात एक एफ आणि पुढे सी व टी, आणि १९९० च्या लेखनकरारानंतर पोर्तुगालात तो सीही गळाला. एकाच संस्थेच्या तीन काळांतल्या नियमावल्या समोर असल्या, तर हे तीन वेगळे वर्ग नाहीत, हे ध्यानात ठेवावे. गोव्यात संस्थांच्या नियमावल्या सरकारी 'बोलेतीं'मध्ये, म्हणजे राजपत्रात, छापल्या जात, आणि पणजीच्या क्लब वास्को द गामा किंवा क्लब टेनिस द गाश्पार दियश यांसारख्या संस्था आपली पोर्तुगीज नावे आजही वागवत आहेत. त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे अगदीच परका नाही. मात्र गोव्यात आजही अंशतः लागू असलेली नागरी संहिता १८६७ ची आहे, १९६६ ची इथे कधी आलीच नाही. वर एका सदस्याने दिलेला 'असोसियादो'चा आधार म्हणूनच पोर्तुगालातील कागदाला लागू पडतो, गोव्यातील जुन्या कागदाला नाही.

पावलिस्ता (उत्तर)

ब्राझीलचे कागद येणार आहेत, असे आपण लिहिले आहे, म्हणून साओ पावलोतील माझ्या कामाच्या अनुभवावरून सांगतो. तिथे शब्द तेच दिसतील, पण मालमत्तेचा एक नवा पैलू त्यांना चिकटलेला असेल. रिओतील काही मोठ्या संस्थांचे मूळ आपल्या विषयाशी जुळणारे आहे; फ्लामेंगो १८९५ साली आणि वास्को द गामा १८९८ साली नौकानयनासाठीच स्थापन झाल्या आणि फुटबॉल नंतर आला. तरणतलाव, टेनिसची मैदाने आणि भोजनगृह असलेल्या या संस्था मोठ्या मालमत्ता सांभाळतात, आणि त्यातूनच 'सोसिओ प्रोप्रिएतारियो' हा वर्ग येतो. त्याच्याकडे संस्थेने काढलेले 'तितुलो', म्हणजे हक्कपत्र, असते, आणि नियमावलीने परवानगी दिली असेल तर ते विकता येते किंवा वारसाला देता येते. पोर्तुगालच्या संहितेतील १८० वे कलम आणि ब्राझीलच्या २००२ च्या संहितेतील ५६ वे कलम ही दोन्ही सांगतात की, नियमावलीत वेगळी तरतूद नसेल तर सभासदत्व हस्तांतरित होत नाही; 'प्रोप्रिएतारियो' हा त्या वेगळ्या तरतुदीचा वर्ग आहे. याला 'ओनर' म्हणणे धोक्याचे, कारण तो संस्थेचा मालक नसतो. 'इक्विटी मेंबर' ही संज्ञा अमेरिकी गोल्फ क्लबांच्या इंग्रजीत प्रचलित आहे आणि ती बरीच जवळ जाते. इंग्लंडमधील वाचकासाठी 'टायटल-होल्डिंग मेंबर' लिहून खाली टीप द्यावी.

'कोंत्रिबुइंते' हा दरमहा वर्गणी देणारा, म्हणजे 'सब्स्क्रायबिंग मेंबर'. आणि सर्वांत अधिक चुका जिथे होतात तो शब्द म्हणजे 'रेमिदो'. शब्दकोश मुक्ती आणि उद्धार यांच्या दिशेने नेतो आणि 'रिडीम्ड मेंबर' असे काहीतरी लिहिले जाते, ज्यातून इंग्रजी वाचकाला पापक्षालन झालेला माणूस दिसतो. प्रत्यक्षात हा सभासद एकरकमी पैसे भरून, किंवा ठरावीक वर्षे वर्गणी देऊन, पुढच्या वर्गणीतून कायमचा सुटलेला असतो. आपल्याकडचा आजीव सभासद तो हाच. 'पेड-अप लाइफ मेंबर' लिहावे. नुसते 'लाइफ मेंबर' लिहिल्यास तो मानाने मिळालेला दर्जा वाटण्याची शक्यता आहे.

'बेनेमेरितो'च्या वर रिओतील संस्थांत 'ग्रांदे बेनेमेरितो' अशी आणखी एक पायरी असते. तिथे ते मानाचे पद तर आहेच, शिवाय काही संस्थांत त्याच्याबरोबर सल्लागार मंडळातील जागाही येते. म्हणून मंडळाच्या रचनेचे कलम वाचल्याशिवाय त्याचे भाषांतर पक्के करू नये. 'सोसिओ तोर्सेदोर' ही अलीकडची, चाहत्यांसाठीची योजना आहे. काही संस्थांत तिच्यातून फक्त तिकिटांची सवलत मिळते; पोर्तो अलेग्रेच्या इंतेर्नासिओनालमध्ये मात्र वर्गणीदार चाहते अध्यक्षाच्या निवडणुकीत मतही देतात. त्यामुळे 'सपोर्टर मेंबर' हे एकच नाव वापरावे आणि मताचा हक्क आहे की नाही, ते प्रत्येक कागदागणिक टीपेत नोंदवावे.

'कोरेस्पोंदेंते'बाबत माझे मत 'नॉन-रेसिडेंट मेंबर'कडे झुकते. 'मोफसिल' इंग्लंडात कोणाला कळणार नाही. 'कंट्री मेंबर' तिथे कळेल, पण त्यातून लंडनबाहेरच्या ग्रामीण भागाचा वास येतो, आणि पोर्तुगालचा 'कोरेस्पोंदेंते' पॅरिस किंवा न्यूअर्कसारख्या शहरातही राहत असू शकतो. स्थलांतरित पोर्तुगीज कुटुंबांसाठी हा वर्ग फार जिव्हाळ्याचा आहे.

करारमसुदा

'नॉन-रेसिडेंट'ला माझी एकच हरकत आहे: कराच्या भाषेत त्याचा अर्थ देशाबाहेर राहणारा असा होतो, आणि आपला सभासद केवळ शेजारच्या जिल्ह्यात राहत असेल. व्याख्येच्या कलमात 'जिल्ह्याबाहेर वास्तव्य' असे शब्द असल्यामुळे तो धोका पुरेसा टळतो, म्हणून मी विरोध करणार नाही. 'आउसिलियार'साठी 'असोसिएट मेंबर' घ्यावे. 'ऑक्झिलियरी' म्हटले की मदतनीस पथक आठवते. त्यातल्या अल्पवयीनांना 'ज्युनियर असोसिएट' म्हणण्याचा मोह टाळावा, कारण मूळ मजकुराने ती फोड केलेली नाही.

तिसवाडीकर

सर्वांच्या सूचना समोर ठेवून मसुदा पक्का केला आहे. फुल, असोसिएट आणि नॉन-रेसिडेंट हे तीन वर्गणीदार वर्ग; त्यांच्यानंतर फाउंडर मेंबर, मेंबर ऑफ मेरिट, बेनिफॅक्टर मेंबर आणि ऑनररी मेंबर. प्रत्येक संज्ञेचा पहिला उल्लेख येईल तिथे मूळ पोर्तुगीज शब्द तिरप्या अक्षरांत शेजारी ठेवतो, पुढे सर्वत्र फक्त इंग्रजी. मत, उमेदवारी आणि वर्गणी यांचा एक छोटा तक्ता शेवटी जोडावा, असे संस्थेच्या चिटणीसांना सुचवले होते आणि त्यांनी ते मान्य केले आहे. मात्र तो तक्ता अनुवादकाने तयार केलेला असून नियमावलीचा भाग नाही, हे त्यावर स्पष्ट लिहीन. अर्थाबाबत वाद झाल्यास पोर्तुगीज मजकूर ग्राह्य धरावा, असे कलम करारात घालण्याची विनंतीही दोन्ही संस्थांना केली आहे. रिओचे कागद आले की 'ग्रांदे बेनेमेरितो'चे आणि सल्लागार मंडळाच्या रचनेचे कलम इथेच चर्चेसाठी मांडतो.